गिरणगावातलं 'गाव' नेमकं कुठं होतं?

मुलखावाला

आमच्या खोलीत सोळा ट्रंका होत्या. माणसं कुणी मोजत नसे, ट्रंका मोजत. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, आणि सोळाही ट्रंका राजापूर तालुक्यातल्या एकाच वाडीच्या. १९७५ साली चौथी पास होऊन मी वडिलांकडे शिकायला आलो तेव्हा माझी पिशवी खुंटीला लागली. ट्रंक मिळायला मिसरूड फुटावं लागायचं.

अशा खोलीला गाळा म्हणायचे. सोळा जणांनी एका वेळी तिथे झोपणं शक्य नव्हतं आणि तशी वेळही यायची नाही. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. पहिल्या पाळीचा वळकटी गुंडाळतोय तोवर तिसऱ्या पाळीचा केसांतला कापूस झटकत दारात हजर. अंथरूण कधी गार व्हायचं नाही. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत, निम्मे जिन्याखाली.

खोलीचे कायदे होते. पगाराच्या दिवशी आधी खोलीचा वाटा, मग मनिऑर्डर, मग बाकीचं. गावाहून नवा पोरगा आला की गिरणीत बदलीवर, म्हणजे खाडा केलेल्याच्या जागी, लागेपर्यंत त्याच्याकडून वाटा घ्यायचा नाही, त्याचं खाणं सगळ्यांच्या माथी. पिऊन आला तर रात्र बाहेर काढायची, सकाळी चर्चा नाही. भांडण सोडवायला पोलीस नव्हे, खोलीतला सगळ्यात जुना माणूस. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आमच्या गावकीतलंच उचलून इथे आणलेलं. खोली कुणा एकाच्या नावावर नव्हतीच, ती गावच्या मुंबई मंडळाची होती. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौलं, साकव, सगळ्याची वर्गणी याच खोलीत गोळा व्हायची.

इतिहास आपण सगळ्यांनीच थोडाफार वाचलेला असतो. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा आला, आणि शतक संपेस्तोवर भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी असा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांतले निम्म्याच्या आसपास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (तेव्हाचा रत्नागिरी, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला.) एवढी माणसं आली खरी, पण राहायला आली नव्हती. आमच्यात कुणी 'मी मुंबईचा' म्हणत नसे. 'मुलखाला जातो' म्हणत. मुंबई म्हणजे मुलूख नव्हेच.

आता मला जे म्हणायचंय ते. गिरणीमालकांनी शंभर-सव्वाशे वर्षं जो पगार दिला तो एका माणसाच्या पोटाचा. त्याची बायको, पोरं, म्हातारे आईबाप गावच्या भातानाचणीवर जगले. तो आजारी पडला की मुलखाला गेला, छाती कापसाने भरून निकामी झाला की कायमचा मुलखाला गेला. कामगार जन्माला घालणं, वाढवणं, म्हातारपणी सांभाळणं, हा सगळा खर्च गावाच्या खात्यावर, आणि उमेदीची तीस वर्षं तेवढी गिरणीच्या. म्हणून मला वाटतं, गिरणगावातलं 'गाव' लालबाग-परळात निम्मंच होतं. उरलेलं निम्मं घाटाखाली नि घाटावर पसरलेलं होतं, आणि खरा भार त्यानेच वाहिला.

तुमच्याकडचे अनुभव लिहा. खास करून खोल्यांचे, खाणावळींचे, पाळ्यांचे. पक्षीय धुळवड कृपया नको, त्याला दुसरे धागे आहेत.

डिलाईलरोडकर

सोळाच? आमच्या शेजारच्या गाळ्यात बावीस होत्या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वाटपघाटप

मुलखावाले दादा, लेख आवडला, पण एक विचारते. सोळा ट्रंका मोजल्यात, त्या सोळा जणांची भाकरी कोण थापत होतं?

माझी आजी खाणावळवाली. काळाचौकीला. आजोबा गिरणीत जखमी होऊन घरी बसले, पदरात चार पोरं, तेव्हा तिने आधी पाच माणसं जेवायला घेतली. मी पाहिली तेव्हा अठ्ठावीस होती. आमचं घर आणि खाणावळ एकाच खोलीत. पहाटे चारला स्टो पेटायचा, कारण सातच्या पाळीवाल्यांचा डबा सहाला तयार हवा. मग तिसऱ्या पाळीचे जेवून झोपायला जाणार, अकराला दुसऱ्या पाळीची पंगत, संध्याकाळी पहिल्या पाळीची, आणि रात्री बारानंतर दुसऱ्या पाळीचे परत येणार त्यांचं झाकून ठेवायचं. म्हणजे तीन पाळ्यांच्या गिरणीला आजीची चौथी पाळी, आणि तिला भोंगा नाही की सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला असं शाळेत शिकले, तेव्हा मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, रविवारी मटण असतं, मसाल्याचं दुप्पट वाटप वाटावं लागतं.

तिला लिहिता येत नव्हतं. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांचा. खाडा झाला की त्या रेघेवर आडवी फुली. कुणी 'मुलखाला जातो' म्हणाला की त्याच्या रेघा थांबायच्या. मोठी झाल्यावर वही मी लिहायचे, पण ती आधी भिंतीशी ताळा करायची नि मगच वहीवर विश्वास ठेवायची. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर वाणी उधारीवर, आणि वाण्याचं भागलं नाही तर सावकार. गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी पठाण उभे राहायचे हे सगळे सांगतात. खाणावळवाल्या बायकाही त्याच व्याजात अडकलेल्या असायच्या, ते कुणी सांगत नाही.

१९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते या बायकांचंच. गहाण ठेवायला काही नसलेल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीला दुसऱ्या वर्षी मिळालं. बँकेत जाताना ती नवं लुगडं नेसली होती आणि अंगठा द्यायच्या आधी हात तीनदा धुतला. मसाल्याचा वास जात नव्हता.

मुलखावाला

ताई, चूक पदरात घेतो. आमच्या खोलीचीही एक बाई होती, समोरच्याच चाळीत. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो, आणि तिचं नाव मला आज, लिहिता लिहिता, आठवत नाहीये. यातच काय ते आलं.

तिसरीपाळी

मी स्वतः एकतीस वर्षं साचेखात्यात काढली, गिरणीचं नाव सांगत नाही. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

साचा म्हणजे माग. साचेवाला हा गिरणीतला राजा, पगार सगळ्यात जास्त त्याचा. एकेका खात्यात शेकड्याने माग, आणि सगळ्यांचे धोटे, म्हणजे आडवं सूत नेणारी शटलं, एकदम इकडून तिकडे. त्या आवाजात बोलणं शक्य नाही. आम्ही ओठ वाचायचो. हातवाऱ्यांची भाषा होती: मुकादम आला, ताणा तुटला, चहाला चल, सगळ्याला खूण. घरी आलो तरी मी ओरडून बोलायचो, बायको म्हणायची शेजारी भांडण समजतात. साठीत कान गेले. आता ओठ वाचणं कामाला येतंय.

खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायची, पाण्याचे फवारे मारून, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. मुंबईत गिरण्या वाढल्या त्याचं दमट हवा हेही एक कारण सांगतात. माणसाला मात्र ती सोसत नाही. उन्हाळ्यात बनियनवर उभं राहायचं. साच्यापेक्षा वाईट ब्लोरूम आणि कार्डिंग. तिथे कापूस पिंजतात, तूस उडतं. तिथला माणूस सोमवारी जास्त खोकायचा, कारण रविवारच्या सुट्टीत छाती जरा मोकळी झालेली असायची. डॉक्टर त्याला दमा म्हणायचे.

आणि जुन्या धोट्याची गोष्ट. आतली सुताची कांडी संपली की नवी घालायची, सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. त्याला वेळ लागतो, म्हणून तोंड लावून हवा ओढायची, धागा सुर्रकन बाहेर. दिवसातून किती वेळा, गणती नाही. धागा बाहेर यायचा तसं तूसही तोंडात जायचं. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. एवढंच सांगायचं होतं.

निळीपहाट

काकांनी गोष्ट जिथे सोडली तिथूनच पुढे सांगतो, कारण आमच्या घरात ती रोज सांगितली जायची.

धोटा सगळ्यांच्या तोंडाला लागतो म्हणून अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत. विटाळ. म्हणजे गिरणीतलं सगळ्यात जास्त पगाराचं काम आमच्या पणज्याला बंद, त्याने सूतकताईच्या खात्यात कमी पैशांवर राबायचं. पाण्याची भांडीही वेगळी. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला आणि साचेखातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी यादीत घालायला लावली. घातलीही, जरा नाइलाजानेच. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ राहिले. हे सगळं त्यांच्या खिडकीखालचंच होतं.

मुलखावाले, तुमचं 'गावाने भार वाहिला' हे तुमच्या वाडीपुरतं खरं असेल. आमचा मुलूख कुठला? गावकुसाबाहेरचा वाडा, जमीन नावाला. माझे आजोबा मुंबईला आले ते परत जायचं नाही म्हणून. तुमच्या गाळ्याचे कायदे गावकीतून उचलले म्हणता, तर त्या गावकीत आम्ही नव्हतो, म्हणून गाळ्यातही नव्हतो. आम्ही बीडीडी चाळीत. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत सहकुटुंब. इतिहास सांगताना आमच्या माणसांना नेहमी मोर्च्यात दाखवतात, चुलीजवळ कधी दाखवत नाहीत, म्हणून हेही सांगतो: आमच्या मजल्यावर दर शनिवारी भजन असायचं आणि चौदा एप्रिलला अख्ख्या मजल्याचं एकच जेवण.

घोंगडी

सातारची बाजू मांडायला कुणीतरी हवं. आम्ही घाटी. कोकणे आम्हाला हसायचे, आम्ही त्यांना. आमच्याकडे भजनापेक्षा तालीम मोठी. लाल मातीचा हौदा, सकाळी पाळी सुटली की जोर-बैठका, गणपतीत लेझीम. गावच्या जत्रेला खात्यातली निम्मी पोरं गायब, मुकादम शिव्या घालून बदलीवाले उभे करायचा. शनिवारी लालबागच्या न्यू हनुमान थिएटरात तमाशा. घरी सांगायचं नाही. घरही गावाला, त्यामुळे सांगायचा प्रश्नच नव्हता म्हणा.

अवांतर: कोकणातल्यांचं नमन आणि शक्तीतुरा परळच्या दामोदर नाट्यगृहात व्हायचा. आम्ही फुकट बघायला जायचो. समजायचं काही नाही, पण ढोलकी-मृदंग भारी.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. लोअर परळला नोकरी करतो, आमच्या इमारतीच्या आवारात एक जुनी चिमणी राखून ठेवलीय, रात्री तिच्यावर निळे दिवे सोडतात. वय २७. राग मानू नका, पण प्रामाणिकपणे विचारतो. दहा बाय बारात सोळा माणसं, अख्ख्या मजल्याला चार संडास, बहिरे कान, भरलेली छाती. याच्या आठवणीने सगळे गहिवरतात ते का? मला हे वाचून गहिवर येत नाही, गुदमरायला होतं.

डिलाईलरोडकर

बाळा, चार नाही, तीन. एक कायम तुंबलेला असायचा.

मुलखावाला

वाचनमात्र, राग कशाचा, बरोबर विचारलंत. मला गाळ्यात परत राहायला सांगितलं तर एक रात्र काढणार नाही. पण गुदमरणं आणि गहिवर एकाच खोलीत होतं, त्याला इलाज नाही. त्या खोलीत कुणी उपाशी झोपल्याचं मला आठवत नाही. आज बदलापूरच्या माझ्या सोसायटीत शेजारचा चार दिवस आजारी होता, ते पाचव्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा कळलं.

निळीपहाट, तुमचं मान्य. 'गाव' म्हटल्यावर ते कुणाचं गाव हे मी विचारलंच नव्हतं.

कांडी

वस्त्रोद्योगातला माणूस आहे, थोडी कोरडी माहिती. वर पाळ्यांचे जे तास आलेत ते शेवटच्या काळातले. सुरुवातीला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणी चालायची, मग विजेचे दिवे आले आणि मालकांना दिवस आणखी लांबवता आला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे साठ तास केले, १९३४ ला चोपन्न, १९४६ ला अठ्ठेचाळीस. म्हणजे आठ तासांची पाळी ही जेमतेम स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची. संध्याकाळ नावाची गोष्ट कामगाराच्या हाती तेव्हा लागली. व्यायामशाळा, नाट्यमंडळं, कबड्डीचे संघ पुढे इतके बहरले त्यात या तासांचा वाटा आहे असं माझं मत. कामगार कल्याण मंडळ १९५३ चं, त्यांच्या केंद्रांनी नाट्यस्पर्धा आणि शिवणवर्गही चालवले.

आणि एक. गिरणीत बायकाही होत्या, वाइंडिंग आणि रीळ या सूत गुंडाळायच्या खात्यांत, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जवळपास पाचातली एक. नंतर कमी होत गेल्या. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, रात्रपाळी बायकांना कायद्याने बंद होतीच, पुढे नवी यंत्रं आली, आणि मालकांना बाई ठेवणं महाग वाटू लागलं. कायदा चांगलाच होता, बाईला काढून त्यातून पळवाट शोधली गेली.

वाटपघाटप

कांडीदादा, माझी पणजी वाइंडिंगलाच होती! तान्ह्याला अफूचं बोट चाटवून झोपवायची आणि कामावर जायची, असं आजी सांगे. त्या काळी पुष्कळजणी तसं करत. मग तिथून काढलेल्या बायकांनीच खाणावळी घातल्या असतील का? आमच्या घरात तरी तसंच झालं, पणजी गिरणीत, आजी चुलीशी.

घोंगडी

संपावर कुणी बोलत नाहीये. मुद्दाम टाळताय का?

मुलखावाला

टाळत नव्हतो, धीर गोळा करत होतो.

१८ जानेवारी १९८२. मी अकरावीत. अडीच लाख माणसं, साठाच्या आसपास गिरण्या, आणि एका दिवसात भोंगा बंद. बोनसवरून ऐंशी-एक्क्याऐंशीपासूनच धुमसत होतं. मान्यताप्राप्त युनियन एकच, १९४६ च्या कायद्याने तिच्याखेरीज कुणाशी बोलणी करायला मालक बांधील नव्हते, आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला. म्हणून लोक डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. ते पुढे होतील की नाही अशी शंका होती, लोकांनीच त्यांना ओढलं, असं आमच्या खोलीत तरी सगळे म्हणत. मागण्यांत पगारवाढ होतीच, पण बदलीवाल्यांना कायम करा ही मला सगळ्यात मोठी वाटते. आमच्यातले दोघे बारा-बारा वर्षं बदलीवर होते. रोज सकाळी गेटावर जायचं, कुणी खाडा केला असेल तर काम, नाहीतर परत.

दोन आठवड्यांत खोली रिकामी व्हायला लागली. वाटलं होतं महिना-दीड महिना. एकेक जण ट्रंक तशीच ठेवून 'जरा मुलखाला जाऊन येतो' म्हणून गेला. मार्चमध्ये सोळा ट्रंका आणि चार माणसं. इतका लांब संप टिकला तो काही युनियनच्या पैशांवर नाही. तो गावच्या भातावर टिकला. हेच मला वर म्हणायचं होतं. मालकांनी शंभर वर्षं ज्या गावावर खर्च ढकलला, तेच गाव त्या वर्षी मालकांच्या विरुद्ध उभं राहिलं.

वडील गावी गेले तेव्हा कवळं, म्हणजे भाजावळीसाठी झाडांच्या फांद्या, तोडायचे दिवस होते. पुढे त्याच पावसाळ्यात, वीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी लावणी केली. आई मला नंतर सांगायची, सगळ्यात अवघड तेच होतं. घर, शेत, देणीघेणी वीस वर्षं तिने एकटीने पाहिलेली. आता हा माणूस रोज घरात, आणि याला विचारून करायचं. माणूस दोन महिन्यांचा पाहुणा म्हणूनच बरा होता, म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

घोंगडी

आमच्याकडे हसण्यावारी गेलं नाही. चुलते भावांकडे गेले. पहिल्या महिन्यात ताट वाढून समोर. तिसऱ्या महिन्यात ताट वाढलेलं, पण हाक नाही. दिवाळीत जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला, कारण मनिऑर्डर पाठवणारा भाऊ हा भाऊ असतो, आणि परत आलेला भाऊ हा वाटेकरी असतो. गावाने संप लढवला म्हणता, बरोबर. पण गावाने त्याची किंमत घरात वसूल केली. चुलते परत मुंबईला आले ते गिरणीत नाही, एका इमारतीवर वॉचमन.

निळीपहाट

आणि ज्यांना गावच नव्हतं त्यांचं काय झालं तेही नोंदवून ठेवा. वडिलांनी भाजीची पाटी घेतली, आईने धुणीभांडी धरली, थोरल्या भावाची नववीतून शाळा सुटली. संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही, त्यामुळे तो कधी संपला हे आमच्याकडे वेगळ्या तऱ्हेने मोजतात. भाऊ कामाला लागला त्या दिवशी.

वाटपघाटप

आजीने पहिले पाच महिने उधारीवर जेवू घातलं. नंतर माणसंच गेली. भिंतीवरच्या रेघा तशाच. काहींनी वर्षा-दोन वर्षांनी येऊन पैसे दिले, एक जण तर दहा वर्षांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका आणि पैसे घेऊन आला. बरेच आले नाहीत. ती कुणाला बोल लावायची नाही. घराला रंग काढायचा ठरला तेव्हा मात्र ती भिंत तिने रंगवू दिली नाही.

तिसरीपाळी

मला त्र्याऐंशीच्या अखेरीस परत घेतलं. साचे तेच, माणसं निम्मी. अटी त्यांच्या. सह्या केल्या. जे परत गेले त्यांना बाकीच्यांनी काय काय म्हटलं ते ऐकलेलं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही.

कांडी

त्यानंतरचं थोडक्यात. यंत्रमाग भिवंडी-इचलकरंजीला आधीच वाढत होते, संपाने त्यांना आणखी काम दिलं. मुंबईत गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश खुल्या जागेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, आणि एक तृतीयांश मालकाला, असं होतं. २००१ मध्ये ते बदललं. वाटणी अख्ख्या जमिनीची न धरता मोकळ्या जमिनीची धरली, म्हणजे ज्यावर गिरणी उभी होती ती हिशेबातून बाहेर. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. वाचनमात्र, तुमच्या त्या निळ्या दिव्यांच्या चिमणीखालची जमीन याच हिशेबातली असणार.

वाचनमात्र

उद्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन नीट बघतो. इतके दिवस तिच्यापाशी उभं राहून फक्त सिगारेट ओढलीय.

डिलाईलरोडकर

धुराचीच जागा आहे, चालू द्या.

बीडीडीचं म्हणाल तर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, एकशेसाठच्या जागी पाचशे चौरस फूट. आमचा नंबर यायचाय. आईला एकच काळजी, गॅलरी नसणार, तर पापड कुठं वाळवायचे आणि भांडायचं कुणाशी.

घोंगडी

मुलखावाले, त्या सोळा ट्रंकांच्या खोलीचं पुढे काय झालं ते राहिलंच.

मुलखावाला

आहे अजून. चाळ पुनर्विकासात जाणार म्हणून गेल्या शिमग्याला गावात सभा झाली. खोली मंडळाच्या नावावर, सोळा ट्रंकांचे वारस आता साठेक. दोन गट पडले. एक म्हणे विकून पैसे वाटून घ्या, माणशी बरे येतील. दुसरा म्हणे नको. रात्री दोनपर्यंत आरडाओरडा, पालखी दारात थांबलेली. शेवटी एक म्हातारी बाई उठली. नवरा त्या खोलीतच होता, संपानंतर दोन वर्षांत गेला. ती म्हणाली, आता आपली माणसं मुंबईला कशाला जातात? कामाला कोणी जात नाही, दुखणं घेऊन जातात. केईएम, टाटा, सगळं तिथून चालत. खोली विकलीत तर मग फुटपाथवर झोपा.

मग ठराव झाला, खोली ठेवायची. नवी मिळेल तीही मंडळाच्याच नावावर.

सध्या तिथे दोघं आहेत. वाडीतला एक मुलगा, टाटाला केमो चालू आहे, आणि त्याची आई. वाटा घेत नाही.

वाटपघाटप

जेवणाचं काय करतात?

मुलखावाला

समोरच्या चाळीतली एक बाई दोन वेळचा डबा देते, मुलाला बिनतिखटाचा वेगळा. हिशेब महिन्याने. या वेळी नाव विचारून घेतलंय, वहीत लिहून ठेवलंय.